दयाबाईंचं दुसरं मडकं

दयाबाईंनी समुद्र कधी पाहिला नाही. पण समुद्रकाठी एकवीस दिवस राहून यायचं तर किती खर्च येतो, हे पाथर्डी तालुक्यात त्यांच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं. एकाहत्तर रुपये चार आणे. बाईंचा पगार महिन्याला अठरा रुपये. त्यांच्या मनात हा आकडा दोन वर्षं असा ठाण मांडून बसला होता, की मुलींना बेरीज शिकवताना फळ्यावरही तोच उमटायचा.

पाथर्डीपासून सात मैलांवरच्या त्या गावात मिशनची शाळा होती. अब्राहाम मास्तर तिथले हेडमास्तर, आणि दयाबाई त्यांच्या पत्नी. मुलींना लिहिणं-वाचणं आणि शिवण शिकवणाऱ्या. गावात ख्रिस्ती घरं तीसेक, बाकी सगळी वस्ती शेतकऱ्यांची, पण बाईंचा शब्द दोन्हीकडे चालायचा. त्यांची एकच गोष्ट बायकांना नवलाची वाटे. भर वैशाखात बाई मनगटापर्यंत बाह्यांचं, गळ्याशी बंद पोलकं घालत. मडमांनी लावलेली सवय, असं म्हणून बायका हसत आणि सोडून देत. बाईही त्यांच्याबरोबर हसत. हसण्यावारी गेलेली गोष्ट कुणी उकरत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं.

पोलक्याच्या आत कोड होतं. बारा वर्षांपूर्वी पाठीवर पैशाएवढा पांढरा डाग उठला, तो वाढत वाढत पोटावर आला, मग खांद्यावर, दंडावर. हे मास्तरांना ठाऊक होतं आणि मास्तरांनंतर नगरच्या एका डॉक्टरांना. पोटच्या पोरीला, कृपालासुद्धा, बाईंनी कधी कळू दिलं नव्हतं. त्या काळी गावात कोड आणि महारोग यांत कुणी फारसा फरक करत नसे. चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा पेला एकच असायचा, तो एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांकडे जायचा. आपल्यानंतर तो पेला कुणी घेईना झालं तर काय करायचं, या एका धास्तीने बाईंनी बारा वर्षं गळ्याचं बटण उघडलं नव्हतं.

डॉक्टर भला माणूस होता. हा महारोग नव्हे, हा कुणाला लागत नाही, असं त्याने तीनतीनदा सांगितलं. औषध म्हणाल तर बावचीचं तेल आणि कोवळं ऊन. मात्र कपड्यांवरून घेतलेलं ऊन कामाचं नाही, अंग उघडं हवं. बाईंना त्यावर रडावं की हसावं कळेना. दोन खोल्यांचं घर, अंगणाला कमरेएवढी भिंत, वर मातीचं धाबं. धाब्यावर नुसतं धान्य वाळवायला चढलं तरी शेजारची छबूबाई खालून विचारायची, बाई, आज कसली डाळ? उन्हाची त्या गावात कधीच कमतरता नव्हती. बाईला उघड्या अंगाने ते घेता येईल अशी हातभर जागा मात्र नव्हती.

निघताना दवाखान्यातल्या एका नर्सने त्यांच्या हातात एक माहितीपत्रक ठेवलं. अलिबागेच्या खाली समुद्राला लागून कुण्या वैद्यबुवांनी आरोग्यधाम काढलं होतं. पुरुषांचं आवार एका टोकाला, बायकांचं दुसऱ्या टोकाला, मधे अर्धा मैल नारळी. बायकांच्या आवाराला नारळाच्या झापांचा दोन पुरुष उंच कूड, आणि आत मऊ वाळू थेट पाण्यापर्यंत. सूर्योदयापासून नऊच्या घंटेपर्यंत स्त्रियांनी अंगावर सूतही न ठेवता वाळूत बसावं, पडावं, वाटल्यास समुद्रात उतरावं. सहावा नियम असा होता: ‘आवारात वस्त्र आणू नये, व एकमेकींकडे रोखून पाहू नये.’

बाईंनी ते पत्रक पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांचे कान तापले. त्यांनी ते गायनाच्या पुस्तकात दडवलं, मग तिथे ठेवणं बरं नव्हे म्हणून घाईघाईने बाहेर काढलं. लढाईपायी कापड रेशनवर गेलेलं, एका लुगड्यासाठी बायका दिवसदिवस रांगेत उभ्या राहत होत्या, आणि इथे कपडे काढून बसायचे पैसे मोजायचे. जगात काय काय चालतं याचं त्यांना मोठं आश्चर्य वाटलं. पण सहाव्या नियमाचा दुसरा अर्धा भाग काही मनातून जाईना. एकमेकींकडे रोखून पाहू नये. जिथे कुणी रोखून पाहत नाही अशी जागा या देशात आहे आणि तिथे मोटारीने, आगगाडीने जाता येतं, या विचाराने त्या रडल्या.

मग त्यांनी यादी केली. पहिली ओळ लुगड्याची होती, सात रुपये. जिथे लुगडं नेसायचंच नाही तिथे जायला बाईंना आधी नवं लुगडं हवं होतं, कारण वाटेत मुंबई लागते. बावचीचं तेल अडीच रुपये. दूध आणि फळं आठ. राहणं-जेवण दिवसाला सव्वा रुपया, एकवीस दिवसांचे सव्वीस रुपये चार आणे. सूर्यस्नानाची फी दहा. मोटार, आगगाडी, बोट आणि बैलगाडी मिळून जाऊन-येऊन साडेसतरा. बेरीज त्यांनी तीनदा तपासली. घरात सांगायला निमित्तही ठरलं: नाताळच्या सुट्टीत मुंबईला मावसबहिणीकडे.

पैसे जमवण्यापेक्षा ते घरात टिकवणं कठीण होतं. अब्राहाम मास्तर माणूस देवासारखा, आणि हाच त्यांच्यातला दोष. दारात कुणी येऊन नड सांगितली की घरात असेल ते त्याच्या हातावर ठेवायचे. बाईंनी त्यावर तोड काढली. ख्रिस्ती घरांत तेव्हा मूठधान्याची रीत होती. भाकरीचं पीठ दळायला धान्य घेताना त्यातली एक मूठ देवासाठी वेगळ्या मडक्यात टाकायची, आणि हंगामाच्या सणाला ते मडकं चर्चमध्ये न्यायचं. दयाबाई देवाच्या मडक्यात एक मूठ टाकत आणि शेजारच्या तसल्याच दुसऱ्या मडक्यात आणखी एक. ते भरलं की धान्य छबूबाईला विकत. शिवणकामाचे आणे-दोन आणे त्यात मिळवत. सगळे पैसे चहाच्या एका लहान डब्यात, आणि तो डबा दुसऱ्या मडक्याच्या तळाशी बाजरीत पुरलेला. यादी आणि ते पत्रकही त्याच डब्यात.

एकदा घरात पीठ संपलं असताना कृपा त्या मडक्यात हात घालायला गेली. बाई चुलीपुढून ओरडल्या, “त्याला हात लावू नको, ते देवाचं हाय.” मास्तरही तेव्हा तिथेच बसले होते. त्यांनी मान डोलावली. देवाची दोन मडकी ठेवणाऱ्या बायकोचं त्यांना कौतुकच वाटलं असणार. बाईंच्या मनाला मात्र त्या दिवशी टोचणी लागली. पण एवढं खरं, की त्यानंतर त्या मडक्याकडे कुणी वाकड्या डोळ्यानेही पाहिलं नाही.

शेहेचाळीस साली दोन गोष्टी झाल्या. पावसाळ्यात कोड कोपराखाली उतरलं. आणि कृपाला स्थळ आलं. मुलगा खर्ड्याचा, शांतवन नावाचा. लढाईत मोटार चालवून सुखरूप परत आलेला, उंचापुरा आणि हसतमुख. त्याची आई मरियाबाई विधवा, बोलायला मोकळी, पण पक्की पारखून घेणारी. दोघांनी कृपाला एकदा पाहिलं होतं, पसंतीही होती. हंगामाच्या सणाला येऊ, चर्चच्या मंडळीची ओळख करून घेऊ आणि नाताळानंतर शब्द देऊ, असं ठरलं. लग्न म्हणजे हळद आली, कासार आला. विहिणी-विहिणींनी शेजारी बसून बांगड्या भरायच्या म्हणजे बाह्या वर आल्याच. त्याआधी निदान हातावरचे डाग तरी जावेत, एवढीच बाईंची देवाजवळ आणि वैद्यबुवांजवळ मागणी होती. सणाच्या आदल्या आठवड्यात शेवटचा रुपया डब्यात पडला. बाईंनी मोजून पाहिलं. यादीतली बेरीज आणि डब्यातले पैसे तंतोतंत जुळले.

सणाच्या रविवारी बाई मुलींना गाणी घोटून घ्यायला सकाळीच चर्चमध्ये गेल्या. जाताना मास्तरांना सांगितलं, देवाचं मडकं तेवढं घेऊन या. शेजारचा भिमाजी, छबूबाईचा नवरा, गाडी जुंपून चर्चकडे निघालाच होता. दर साली लिलावात एक कोंबडी घ्यायची त्याची हौस होती. मास्तरांनी देवाची दोन्ही मडकी त्याच्या गाडीत ठेवली.

उपासना अर्धी झाल्यावर, तिसऱ्या गाण्याच्या मधेच, बाईंची नजर वेदीपुढच्या टेबलावर गेली. भोपळे, कणसं, अंडी, कोंबड्या, गवारीची टोपली. आणि एकाशेजारी एक दोन मडकी. बाई गायच्या थांबल्या. मुली चपापल्या, पण गाणं पुढे गेलं.

उपासना संपली की देवापुढे आलेल्या वस्तूंचा लिलाव. पाळक मोझेससाहेब खुर्चीवर बसायचे आणि पुकारा मास्तर करायचे. त्या दिवशी एक अंडं रुपयाला गेलं. देवाच्या नावाने चढी बोली बोलायची आणि शेजाऱ्याला हरवायचं, यात मंडळीला भारी गंमत वाटायची. वर्षभर चिंध्या शिवणारेही त्या दिवशी हात सैल सोडायचे. गर्दीतून वाट काढत बाई टेबलाजवळ गेल्या आणि मास्तरांच्या कानाशी लागून म्हणाल्या, “ते दुसरं मडकं चुकून आलंय. बाजूला ठेवा.”

मास्तरांना कुजबुजता येत नसे. “चुकून कसं? तूच म्हणाली ना, देवाचं हाय म्हणून?”

आसपासच्या चार-पाच जणांनी ते ऐकलं. देवाचं म्हणून सांगितलेलं मागे ठेवणारे जागीच मरून पडले, ही बायबलातली गोष्ट बाईंनी स्वतः कितीदा मुलींना शिकवली होती. त्या गुमान बायकांच्या बाजूला येऊन बसल्या. शेजारी मरियाबाई होत्या. त्यांनी सरकून मायेने जागा करून दिली.

पहिलं मडकं भिमाजीने अडीच रुपयांना घेतलं. मग मास्तरांनी दुसऱ्यावर हात ठेवला. “बाजरीचं मडकं. दीड रुपया. बोला.”

“दोन,” भिमाजी म्हणाला.

“अडीच,” दयाबाई म्हणाल्या. बायका हसल्या. आपलंच दान आपण परत विकत घ्यायचं, हे त्या सणाला काही नवं नव्हतं, आणि बाईंनीही तेवढाच विचार केला होता. तीन-चार रुपये जातील, ते डब्यातूनच भागतील.

“पाच,” मागून शांतवन म्हणाला.

तो पैसे घेऊन लढाईवरून आलेला तरुण होता. कृपा मुलींच्या रांगेत समोर बसली होती, आणि होणाऱ्या सासूच्या घरचं मडकं आपण घेतलं तर सगळ्यांना आवडेल असं त्याला वाटलं. त्यात वाईट काही नव्हतं. बाई सहा म्हणाल्या, तो दहा म्हणाला. चर्चमध्ये उत्साहाची लहर गेली. बाईंच्या डोळ्यांपुढे यादी उभी राहिली. सात रुपयांचं लुगडं गेलं. अडीच रुपयांचं तेल गेलं. ते घरी बावची कुटून करता येईल.

अकरा. पंधरा. सोळा. वीस. दूध आणि फळं गेली. दुधावाचून माणूस मरत नाही, बाईंनी मनाला समजावलं. त्या एकवीस म्हणाल्या आणि शांतवन हसत पंचवीस म्हणाला. आता दिवस कमी करायचे. सव्वीस म्हणजे एक आठवडा गेला, दोन उरले. तो तीस म्हणाला. त्या एकतीस म्हणाल्या, तेव्हा त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. पुकारा करणाऱ्या मास्तरांचा चेहरा उतरत चालला होता. घरात एकतीस रुपये नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

“पस्तीस,” शांतवन म्हणाला.

पस्तीस म्हणजे एकच आठवडा उरला. बारा वर्षांचं कोड एका आठवड्यात जात नाही. इथवर येऊन बाई गप्प राहिल्या. जाऊ दे, त्यांनी मनात म्हटलं, समुद्र राहिला. पैसे त्या पोराच्या हाती लागले तर लागले.

“पस्तीस एक वार,” मास्तर म्हणाले, आणि त्यांना हायसं वाटल्याचं लांबूनही कळलं.

मरियाबाईंनी बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. “राहू द्या हो बाई. पोराला हौस हाय. सुनेच्या आधी सुनेच्या घरची बाजरी येईल. मी सोत्ता निवडीन अन् दळीन.”

ती स्वतः निवडणार, दळणार. म्हणजे डबा तिच्याच हाताला लागणार. त्यात पत्रक, त्यात बाईंच्या वळणदार अक्षरातली यादी. बावचीचं तेल कशासाठी लावतात हे खर्ड्यात कुणालाही विचारलं तरी कळणार होतं, आणि उरलेलं सगळं पत्रकात छापलेलंच होतं.

“दोन वार,” मास्तर म्हणाले.

“एकाहत्तर रुपये चार आणे.”

बोलताना बाई उभ्या राहिल्या होत्या. मास्तर तीन वार म्हणायचं विसरले. पाळकसाहेब खुर्चीतून पुढे झुकून हळू विचारू लागले, बाई, एवढी रक्कम? बाई टेबलाशी गेल्या. गेला तो समुद्र, गेली ती वाळू. पोरीचं लग्न राहिलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मडक्याचं तोंड अरुंद, डबा पार तळाशी. मनगटाचं बटण काढून त्यांनी उजवी बाही खांद्यापर्यंत सारली आणि बाजरीत हात घातला.

दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन नेमकं टेबलावर पडत होतं. हात डबा घेऊन वर आला. बाईंनी कागद मुठीत घट्ट धरले आणि पैसे टेबलावर मांडले, नोटा नोटांवर, नाणी नाण्यांवर. सगळे इतके गप्प होते की नाण्यांचा आवाज ऐकू येत होता. एवढ्या मोठ्या दानाने माणसं गहिवरली असतील असं बाईंना वाटलं, आणि आपण त्या कौतुकाच्या धनी नाही म्हणून त्या मनात शरमल्या. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पैशांकडे पाहत नव्हते. ते त्यांच्या हाताकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा बाईंनी आपला हात पाहिला. खांद्यापासून कोपराखालपर्यंत पांढरा, मधे मधे मूळ रंगाची चार बेटं, वर बाजरीची धूळ. तो झाकायचं त्यांना सुचलंच नाही. बारा वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी स्वतःच्याच हाताने, ती लपवण्यासाठीच, सगळ्या मंडळीपुढे उघडी केली होती.

मुलींच्या रांगेतून कृपा उठून आली. तिने बाही खाली ओढली आणि आईच्या मनगटाचं बटण लावलं. बाई जागेवर परतल्या तेव्हा मरियाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या होत्या आणि पदर सावरून खाली पाहत होत्या.

घरी आल्यावर कुणी जेवलं नाही. कृपा भिंतीला टेकून उभी होती. ती रागावेल, रडेल, याची बाईंनी तयारी ठेवली होती.

“आई, तू मला का न्हाई सांगितलंस?” ती म्हणाली. “मी काय लांब सरकले असते का?”

बाई पोरीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. बारा वर्षांत कुणाच्या गळ्यात पडायलाही त्या भीत आल्या होत्या. मास्तरांनी त्यांच्या मुठीतून कागद सोडवून घेतले. यादी वाचली, मग पत्रक पहिल्यापासून शेवटच्या नियमापर्यंत वाचलं. आता हे काय बोलतात याचा बाईंना धाक पडला. मास्तर पत्रक घडी करत म्हणाले, “नवापर्यंत बसा म्हणतात. आपल्याकडं ऊन आठालाच चढतं. साडेसातला थांबावं लागंल.”

दुसऱ्या दिवशी मोझेससाहेब रुमालात बांधलेले पैसे घेऊन आले. झाला प्रकार त्यांच्या लक्षात आला होता. मंडळीला हे पैसे नकोत, बाईंनी औषधपाणी करावं, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी रुमालाला हात लावला नाही.

“मी ते देवाचं हाय म्हणाले होते, साहेब. खोटं म्हणाले होते. आता तरी ते खरं होऊ द्या.”

साहेबांनी पुष्कळ समजावलं, पण बाई ढळल्या नाहीत. त्या पैशांतून पुढे चर्चवर पत्रे चढले.

बुधवारी खर्ड्याहून निरोप आला, की यंदा लग्नाचा विचार नाही. त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. ऐकून कृपा घागर घेऊन पाण्याला गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा परतली. तिचे डोळे सुजलेले होते. बाईंना त्याचं दुःख जन्मभर राहिलं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. दोन वर्षांनी कृपाला काष्टीच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं तेव्हा बाईंनी चहाच्या आधी पाहुण्यांपुढे दोन्ही बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, आधी हे बघा, मग पोरगी बघा. त्यांनी पाहिलं आणि चहा घेतला. ते लग्न झालं.

पण ते पुढचं. त्या आठवड्यात मास्तर, ज्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, भिमाजीच्या दारात गेले आणि कडब्याच्या साठ पेंढ्या पावसाळ्यापर्यंत उसन्या मागितल्या. कशाला, ते आडपडदा न ठेवता सांगितलं. भिमाजी जरा वेळ पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, “साठानं काय व्हतंय मास्तर, वारं सुटलं म्हंजी? शंभर न्या.” पेंढ्या वर चढवायला छबूबाईही आली. धाब्यावर चारी बाजूंनी कडबा उभा राहिला, माणसाच्या डोक्यावर हातभर, वर उघडं आभाळ. आत मास्तरांनी नदीची चार पाट्या वाळू पसरली, कारण पत्रकात वाळू लिहिली होती.

सोमवारी सकाळी ऊन कडब्याच्या शेंड्यावर आलं तेव्हा बाई आत जाऊन उभ्या राहिल्या. खाली शिडीशी मास्तर पाठ करून बसले होते, गुडघ्यावर पत्रक, हातात शाळेची घंटा. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं, असं त्यांनी खालून बजावलं. बावचीचं तेल घेऊन कृपा आत आली. बाईंनी पदर घट्ट धरला. बटणापाशी बोटं जात आणि माघारी येत.

“तू तिकडं तोंड कर,” त्या म्हणाल्या. “तसा नियमच हाय त्यांचा. रोखून पाहू नये म्हणून.”

कृपाने वाटी खाली ठेवली आणि आईच्या गळ्याचं बटण स्वतःच काढलं. मग दुसरं, मग तिसरं. “तो नियम तिकडच्यांना,” ती म्हणाली. “मला बघू दे.”

बाईंनी डोळे मिटले. पाठीवर ऊन पडलं, आणि त्याच्या मागोमाग पोरीचा तेलाचा हात. बारा वर्षांत त्या पाठीला पोरीचा हात लागला नव्हता. पुढे चार महिने हे रोज चाललं. पाठीवरच्या पांढऱ्यात मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठले आणि काही डाग भरूनही आले, हातावरचे मात्र तसेच राहिले. त्या सकाळी यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वाळूत बसल्या होत्या. खाली मास्तरांनी घंटा दिली, मग थोडं थांबून ओरडून विचारलं, अजून पाच मिनिटं चालतील का. बाई हो म्हणाल्या.